मागच्या टाळूतून

भाऊजी, तुमच्या तेराव्याला लोकांनी तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलून ठेवलं की माझ्यासाठी काही उरलंच नाही. बरंच झालं. मला चांगलं बोलायचंच नव्हतं.

एकजण म्हणाले, राव डॉक्टरांना तान्ह्या पोराच्या डोक्याच्या आतलं दिसायचं. दुसरे म्हणाले, ती दैवी नजर होती. तिसऱ्यांच्या घरातलं एकही बाळ तुम्ही कधी तपासलं नव्हतं, पण तेही डोळे पुसत म्हणाले की असा माणूस कुंभकोणमला पुन्हा मिळणार नाही. मी मागे खांबाला टेकून बसले होते. अक्का वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं तर काय निघेल हे तुमच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. मी उघडलं नाही. जिवंतपणी तुम्हाला तोंडावर बोलत आले, आता फोटोसमोर शौर्य कशाला दाखवू? पण घरी आल्यापासून चैन पडत नाही, म्हणून तुम्हालाच लिहून सांगते. निदान या वेळी तुम्ही माझं वाक्य मधेच तोडणार नाही.

दैवी नजर म्हणे. तुमच्या नजरेला एकाच कोपऱ्यातून बघायची खोड होती, आणि त्या कोपऱ्यातून जे दिसेल तेवढंच जगात आहे असं तुम्हाला वाटायचं. त्याला लोक ज्ञान म्हणत होते, कारण तुमचा आवाज भारदस्त होता.

साताऱ्याहून लग्न होऊन मी पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठी घरात आले तेव्हा तुमची मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. जुन्या बखरीतली माणसं पाटावर बसून डोसे खाताहेत असं वाटायचं. तुम्हालाही माझी मराठी धड वाटत नव्हती. "तुमच्याकडची मराठी धांवते. कोण मागें लागलें आहे?" असं विचारायचात. उंबऱ्याबाहेर मात्र सगळं घर तमिळ बोलायचं आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बालरोगतज्ज्ञ झाले होते, पण आईची भाषाच येत नाही तर मूल काय तपासणार? तेव्हा रोज सकाळी आपले पेशंट बाहेर थांबवून तुम्ही माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचात. बाळाच्या आईचं बोलणं मला मराठीत सांगायचं, माझं तिला तमिळमध्ये. असं कित्येक महिने केलंत. मी हगवणीला भलताच शब्द वापरला तेव्हा ती बाई फिसकन हसली, पण तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. घरी आल्यावर पोट धरून हसलात, ते वेगळं. सूनबाईनं दवाखान्यात बसू नये असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा "ती शिकून आली आहे, बसेल" एवढं बोलून तुम्ही विषय संपवलात. हे यांनी, माझ्या नवऱ्यानं, म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात. मी ते विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हा राग पुष्कळ सोपा झाला असता.

मग ते सोनोग्राफीचं यंत्र आलं. तोवर तुम्ही छातीचे एक्स-रे वाचत होता. मद्रासला जाऊन थोडे दिवस शिकून आलात आणि पित्ताशयातले खडे, पोटातलं मूल बघायला लागलात. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, तिथे यंत्राचा प्रोब टेकवला की आतला मेंदू दिसतो, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. पुण्यात शिकताना मी ते पाहिलं होतं. पहिल्यांदा जेली लावून तुम्ही प्रोब टेकवलात आणि पडद्यावर ती दोन अर्धुकं उमटली. मग तुम्ही हळूच म्हणालात, "नारळ न फोडतां आंतलें खोबरें दिसतें कीं!" त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होता.

पुढे तुमचा राव डॉक्टर झाला. आडुतुरैपासून, तिरुप्पनंदाळपासून लोक अपुऱ्या दिवसांची बाळं फडक्यात गुंडाळून आणायला लागले. तुम्ही आजोबांना आत बोलवायचात, आईला कधीच नाही. पडदा त्यांच्याकडे वळवून बोटानं दाखवायचात, "हे पांढरं दिसतं? ते गेलेलं. पोर चालणार नाही." पुढच्याला, "हे बोलणार नाही." तिसऱ्याला, "हे ठीक आहे, न्या." आपल्या भागात ताडपत्रं वाचून भविष्य सांगणारे बसतात, त्यांना तुम्ही लफंगे म्हणायचात. अहो, ते निदान समोरच्याच्या अंगठ्याचा ठसा तरी घेतात. तुम्ही बाळाची मूठसुद्धा उघडून बघितली नाहीत कधी. बाळ चोखतंय का, पाय झाडतंय का, आवाजाला दचकतंय का, हे सगळं माझं काम. तुमचं काम फक्त निकाल.

सुरुवातीलाच एकदा फजिती झाली होती, आठवते? सातव्या महिन्यातलं मूल होतं. तुम्ही बाहेर येऊन जाहीर केलंत, "मेंदूला घड्याच नाहीत. सपाट. मतिमंद होणार." मी म्हटलं, भाऊजी, सातव्या महिन्यात घड्या पडायच्याच असतात अजून. आईच्या पोटात असतं तर कोणी बघायला गेलं असतं का? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जणू मी भाजीवाली होते. नशीब, ते मूल माझ्या उबेच्या पेटीत बरेच दिवस राहिलं. जाताना मी हट्टानं पुन्हा बघायला लावलं. घड्या पडल्या होत्या, नव्या शिवलेल्या झालरीसारख्या. तुम्ही पडदा बंद केलात, प्रोब पुसलात आणि "जेली संपत आली" म्हणालात. मी तेव्हा हसले. मला वाटलं, शिकले. माणूस एकदा असा तोंडघशी पडला की शिकतो, असं मी समजत होते. तुम्ही फक्त माझ्यासमोर बोलताना सावध झालात.

आता दारासुरमच्या त्या मुलीचं. हे तुम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत.

कामाक्षी तिची आई. सासर रेशीम विणणारं, घरात माग. आठव्या महिन्यात मुलगी झाली, बारकी पण चिवट. तुम्ही बघितलंत आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या मागच्या टोकांशी, दोन्ही बाजूंना, पांढरी झाक दिसली. मीही पाहिली. नाही म्हणत नाही, होती. तुम्ही सासऱ्याला आणि सासूला आत घेतलंत आणि मी हात पुसून येईपर्यंत निकाल देऊन मोकळे झालात. दोन्ही पाय जातील, कदाचित हातही. घरी नेलंत तरी चालेल.

मी तुमच्या खोलीत आले. "भाऊजी, पुढच्या टाळूतून बघताना यंत्राच्या लहरी तिथल्या तंतूंवर आडव्या पडतात. चांगला मेंदूही तिथे पांढरा चमकतो. मागच्या टाळूतून बघा. चमक खोटी असेल तर मावळेल. खरी इजा असेल तर राहील."

"मला शिकवतेस?"

"बघा म्हणते. पाच मिनिटांचं काम आहे."

"तूं पुस्तक पाहून बोलतेस. मी पडदा पाहून बोलतों." आणि तुम्ही जेवायला गेलात. सांबार निवतं ना.

तुम्ही जेवत असताना मी बाळाला कुशीवर घेतलं आणि डोक्याच्या मागे, ती बोटाच्या पेराएवढी मऊ जागा असते तिथे, प्रोब टेकवला. माझा हात तुमच्यासारखा बसलेला नव्हता, चित्र हलत होतं. पण दिसायचं ते दिसलं. पांढरं गेलं होतं. दोन्ही बाजूंचं. मी तसंच धरून ठेवलं आणि तुम्हाला बोलावणं पाठवलं. तुम्ही आलात, वेष्टीचा सोगा हातात धरून. बघितलंत. पुन्हा पुढून बघितलंत, पुन्हा मागून. तुमचा हात किती छान चालायचा, हेही तेव्हा मला दिसत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

"सरी," ठीक आहे, तुम्ही तमिळमध्ये म्हणालात. "नाहीं दिसत."

"मग चला, त्यांना सांगा."

"तूं सांग."

मी सांगितलं. सासूनं माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मग विचारलं, "हे राव डॉक्टर म्हणतात का?" मी म्हटलं, तेही बघून गेलेत. "मग त्यांनी सांगू दे." मी पुन्हा तुमच्याकडे आले. तुम्ही पुढच्या पेशंटच्या पोटावर जेली लावत होता. मान वर न करता म्हणालात, "उद्यां पाहूं." उद्यापर्यंत ते बाळाला घेऊन गेले होते.

मग मी तुम्हाला म्हटलं, दारासुरम काही लंकेत नाही, स्कूटरवर बसा, दारात उभं राहून एक वाक्य बोला, परत या. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी तुमच्या तेराव्याला, त्या सगळ्या दैवी नजरेच्या गप्पा चालू असताना, मनात घोळवत होते. तुम्ही म्हणालात, "एकाच्या घरीं जाऊन शब्द फिरविला तर उद्यां सगळे विचारतील, आमचा पण फिरवा. माझें नांव आहे ह्या गांवांत."

नाव! त्या पोरीला अजून नावसुद्धा नव्हतं, भाऊजी.

मी एकटीच गेले, माझ्या मोपेडवर. ओसरीवर माग चालू होता. आतल्या खोलीत बाळ एका सुपात ठेवलं होतं आणि सासू बोळ्यानं साखरपाणी पाजत होती. पाजत होती म्हणजे ओठ भिजवत होती. कुणी दुष्ट नव्हतं त्या घरात. लुळं मूल ओढत बसण्यापेक्षा आपलं आपण गेलेलं बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटायला तुम्ही त्यांना कारण दिलं होतं. कामाक्षी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुधानं तिचं लुगडं पुढून ओलं झालं होतं.

मी दवाखान्यातलं सगळं पुन्हा सांगितलं. ती वळली आणि मला म्हणाली, "अम्मा, तुम्ही खरं सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हटलं, "पांढरं होतं ते मागून बघितल्यावर नव्हतं. एवढं खरं. ती चालेल अशी खात्री मी देत नाही, मला तसं काही दिसत नाही. पण तिला भूक लागली आहे, हे मला दिसतंय. तुलाही दिसतंय."

तिनं सुपातून बाळ उचललं आणि सासूसमोर पदराखाली घेतलं. ओसरीवरचा माग थांबला. नवरा दारात येऊन उभा राहिला. सासू म्हणाली, "पाज. पण उद्या लुळी निघाली तर या घरात नको." कामाक्षीनं मान वर केली नाही. बाळ इतकं जोरात ओढत होतं की मला ऐकू येत होतं.

थोड्याच दिवसांत ती आडुतुरैला माहेरी गेली. वडील भाताच्या शेतांवर राबणारे, त्यांनी ठेवून घेतलं. नवरा एकदा-दोनदा आला, मुलीचे पाय दाबून बघून गेला, मग यायचा थांबला. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. मुलीचं नाव वल्ली. ती थोडी उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, आणि एकदा चालायला लागली ती थांबेचना. दर खेपेला कामाक्षी तिला माझ्या टेबलापासून दारापर्यंत पळवून दाखवायची, परीक्षा असल्यासारखी. मी तुम्हाला दर खेपेला सांगायचे. तुम्ही "बरें" म्हणायचात.

वल्ली शाळेत जायला लागल्यावर एकदा ताप घेऊन आली होती. तुम्ही व्हरांड्यातून येत होता. मी मुद्दाम हाक मारली, "भाऊजी, ही ती. दारासुरमची." तुम्ही थांबलात. पोरगी बाकावरून उडी मारून उतरली. तुम्ही तिच्या पायांकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "तेव्हांचा प्रोब जुना होता."

आणि कामाक्षीनं काय केलं? उठून उभी राहिली, पदर सावरला आणि तुम्हाला हात जोडले. "राव डॉक्टर, नमस्कारम्." जिचं घर तुमच्या एका वाक्यानं मोडलं, तिनं. तुम्ही हात वर करून आशीर्वाद दिलात. मला त्या क्षणी तुमची किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीत फिल्टर कॉफी पाठवलीत. भांडण झालं की कॉफी पाठवायची, ही तुमची माफी. मी ती कुंडीत ओतली.

पण त्यानंतर मी एक गोष्ट पाहिली. तुम्ही प्रत्येक बाळाला कुशीवर वळवून मागूनही बघायला लागलात. कुणाला सांगितलं नाहीत, मला तर नाहीच. मी आत आले की प्रोब पटकन पुढे न्यायचात, चोरून लोणचं खाणाऱ्यासारखे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदा, फक्त एकदा, मोठ्यानं "उज्ज्वला, तुझें बरोबर होतें" म्हणाला असतात, तर मी काय काय विसरले असते! किंवा नसते विसरले. आता कसं कळणार?

तेराव्याचं जेवण चालू असताना तिरुप्पनंदाळचं ते जोडपं आलं. तुम्हाला आठवत असेल, त्यांच्या मुलावरून आपण असेच भांडलो होतो. तुम्ही पुढून पाहिलंत, मागून पाहिलंत, थोड्या आठवड्यांनी पुन्हा पाहिलंत, आणि पांढऱ्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं दिसायला लागली होती. तुम्ही सांगून टाकलंत. मी म्हणत राहिले, थांबू या, बघू या, मुलांचं काही सांगता येत नाही. मुलगा आता वडिलांच्या कमरेपर्यंत येईल एवढा झालाय. पण येणार कसा, वडिलांच्या हातांवर होता. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, मान खांद्यावर. त्याला घेऊन ते एवढ्या उन्हात दोन बस बदलून आले होते. बाप तुमच्या फोटोपुढे रडला. मनापासून, बाकीच्यांसारखा नाही.

मी पान वाढायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "अम्मा, राग मानू नका. तुम्ही दर महिन्याला 'बघू' म्हणायचात. आम्ही रोज सकाळी उठून याचे पाय बघायचो. राव डॉक्टरांनी एकदाच सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघं खूप रडलो आणि मग याला कसं वाढवायचं त्याला लागलो." त्याची बायको पायसमात बोट बुडवून मुलाला चाटवत होती. मुलगा हसत होता.

मी त्याच्या पानात आणखी भात वाढला. तुम्ही बरोबर होता, भाऊजी. त्या मुलाच्या बाबतीत बरोबर होता, आणि त्या माणसाला तुमच्या बरोबर असण्याचा उपयोगही झाला. हे तुमच्या खात्यात टाकते. पण कामाक्षीलाही तुम्ही त्याच आवाजात सांगितलं होतंत. तोच सूर, तेच बोट, तोच पडदा. खरं आणि खोटं तुमच्या तोंडातून एकसारखं यायचं. तुम्हाला स्वतःला तरी फरक कळत होता का? मला हे विचारायचं होतं. इतक्या वर्षांत इतकी भांडणं झाली, पण हे नेमकं राहिलं. आणि तुम्ही निघून गेलात, नेहमीसारखे, माझं बोलणं अर्धवट असताना.

यंत्र आता मीच चालवते. तुमच्या मुलाला खोलीच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लावायची आहे. लावू दे. अक्कांना बरं वाटेल.

आज सकाळी एक बाळ आलं, इथलंच, बाजारातल्या पितळेच्या दुकानवाल्यांचं. मुलगा. पुढून बघितलं, दोन्हीकडे पांढरं. कुशीवर घेतलं, मागून बघितलं. डावीकडचं गेलं. उजवीकडचं राहिलं. मी बराच वेळ बघत होते. ते जाईना. मी आईला आणि बापाला, दोघांनाही, आत बसवलं. म्हटलं, "उजव्या बाजूला थोडं पांढरं दिसतंय. ते मावळेलही, नाहीतर तिथे इजा झालेली असेल. झाली असेल तर उलट बाजूचा, डावा पाय कडक होऊ शकतो. आज मला यापेक्षा जास्त कळत नाही. महिन्याभरानं पुन्हा बघू. तोवर अंगावर पाजा, आणि दोन्ही पाय सारखे झाडतो का त्याच्यावर लक्ष ठेवा."

बाप माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राव डॉक्टर असते तर काय म्हणाले असते?"

"त्यांनी तुम्हाला नक्की काहीतरी सांगितलं असतं," मी म्हटलं.

"मग तेच बरं होतं, अम्मा." तो उठला आणि बाहेर गेला.

बायको उठली नाही. तिनं बाळाच्या डोक्यावरची जेली पदरानं पुसली, मागची आणि पुढची, टोपडं घातलं, बंद बांधले. मग मला विचारलं, "महिन्यानं म्हणजे कुठल्या वारी येऊ?"

मी म्हटलं, "सोमवारी ये. सकाळी. आणि आलीस की आधी मलाच भेट."